मुंबई–चिपी : किलोमीटर कुठले आणि मिनिटे कुठली?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

सिंधुदुर्गातला चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला. गोव्यातल्या मोपाहून ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली आणि २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईही प्रवाशांसाठी खुली झाली. साहजिकच पर्यटन पुरवण्यांत, जमिनीच्या जाहिरातींत आणि गणपतीच्या तोंडावर येणाऱ्या प्रवासविषयक मजकुरात विमानाच्या अंतराचे आणि वेळेचे आकडे वरचेवर दिसतात. मुंबई–चिपी हे अंतर ३०४ किलोमीटर दाखवता येते, ३५० दाखवता येते आणि रस्त्याने मोजले तर ५०० च्या आसपासही दाखवता येते. वेळ २५ मिनिटे निघते, ५५ मिनिटे निघते आणि ८५ मिनिटेही निघते. यातला ३०४ चा आकडा चुकीचा आहे आणि २५ मिनिटे हा नुसता कागदावरचा भागाकार आहे. बाकीचे सगळे आपापल्या जागी बरोबर आहेत. फक्त ते कशाचे आहेत हे शेजारी लिहिलेले नसते, आणि मग वाचक एकाचे किलोमीटर दुसऱ्याच्या मिनिटांना लावून बसतो. या पत्रात हे आकडे कसे निघतात ते मांडत आहे, म्हणजे छापण्यापूर्वी ते कोणालाही पडताळता येतील.

आधी अंतर. दोन विमानतळांमधले अंतर म्हणजे दोन बिंदूंमधले अंतर, आणि ते बिंदू ठरलेले असतात. प्रत्येक विमानतळाला एक संदर्भबिंदू दिलेला असतो. तो साधारण धावपट्ट्यांच्या मध्याशी धरतात आणि त्याचे अक्षांश-रेखांश भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या वैमानिक माहिती प्रकाशनात असतात. १ जानेवारी १९९८ पासून हे अक्षांश-रेखांश जगभर डब्ल्यूजीएस-८४ या एकाच पद्धतीने द्यायचे असे ठरलेले आहे. मोबाइलमधला जीपीएसही तीच पद्धत वापरतो, त्यामुळे जुळवाजुळवीचा प्रश्न उरत नाही. टर्मिनलचे दार, शहराचा मध्य, जिल्ह्याचे मुख्यालय यांचा या अंतराशी संबंध नाही. 'मुंबई ते सिंधुदुर्ग' असे नकाशावर टाकले की तो बहुधा शहराच्या किंवा जिल्ह्याच्या नावाचा बिंदू उचलतो. 'सिंधुदुर्ग' म्हटल्यावर तो मालवणचा किल्लाही उचलू शकतो. पहिली चूक इथेच होते.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज विमानतळाचा बिंदू साधारण १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व असा आहे. चिपीचा १६.०० उत्तर, ७३.५३ पूर्व. पाचशे किलोमीटरच्या आतल्या अंतराला दहावीचे गणित पुरते. अक्षांशांतला फरक ३.०९ अंश. कोकणच्या पट्ट्यात अक्षांशाचा एक अंश म्हणजे ११०.७ किलोमीटर, म्हणून उत्तर-दक्षिण अंतर ३४२ किलोमीटर. रेखांशांतला फरक ०.६६ अंश. रेखांशाचा अंश विषुववृत्तावर १११.३ किलोमीटरचा असतो आणि उत्तरेकडे जावे तसा आक्रसत जातो. म्हणून त्याला मधल्या अक्षांशाच्या, म्हणजे १७.५४५ अंशाच्या, कोसाइनने गुणायचे. तो ०.९५३५ आहे. पूर्व-पश्चिम अंतर ७० किलोमीटर आले. दोन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ : ३४९ किलोमीटर. नॉटिकल मैलांत सुमारे १८९.

संगणकावरची बरीच साधने याऐवजी हॅवरसाइन सूत्र वापरतात आणि पृथ्वी ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा नितळ गोल आहे असे धरतात. त्या हिशोबाने हेच अंतर ३५०.७ येते. दीड किलोमीटरचा हा फरक कोणाच्या चुकीचा नाही. पृथ्वी ध्रुवांकडे चपटी आहे, त्यामुळे आपल्या अक्षांशावर उत्तर-दक्षिण अंश गोलाच्या सरासरी १११.२ पेक्षा थोडा लहान पडतो, आणि मुंबई–चिपी मार्ग जवळजवळ उत्तर-दक्षिणच असल्याने तो तुटीचा पुरेपूर धनी होतो. छापायचे असेल तर 'सुमारे ३५० किलोमीटर' लिहावे. '३४९.१६ किलोमीटर' असे लिहिणाऱ्याला बिंदू कसे मोजतात हे ठाऊक नाही असे खुशाल समजावे. दोन दशांश स्थळांचे अक्षांश घेतले तर एक शतांश अंशच १.१ किलोमीटरचा असतो, आणि चिपीची धावपट्टीच २,५०० मीटर लांब आहे. मीटरमीटरचा हिशोब त्यात बसणार कुठे?

आता चुका कुठे होतात ते. सर्वांत नेहमीची चूक अंश-मिनिटांना दशांश समजण्याची. चिपीचे रेखांश ७३ अंश ३२ मिनिटे असे दिलेले असतात. ते ७३.३२ असे भरले जाते. खरे तर ३२ ला ६० ने भागून ७३.५३ घ्यायला हवे. चुकीच्या आकड्याने विमानतळ जवळजवळ २३ किलोमीटर पश्चिमेला सरकतो, म्हणजे भर समुद्रात, वेंगुर्ला रॉक्सच्याही पलीकडे. गंमत अशी, की मुंबई–चिपी अंतरात ही चूक दिसतच नाही. उत्तर ३४९ ऐवजी ३४५ येते आणि कोणाला शंका येत नाही, कारण मार्ग उत्तर-दक्षिण आहे आणि चूक पूर्व-पश्चिम. तीच चूक कोल्हापूर–चिपीला केली की १०९ चे १२७ होतात. म्हणून उत्तरावर विसंबू नये. भरलेला बिंदू आधी नकाशावर टाकून बघावा. तो पारुळ्याच्या सड्यावर पडला तर पुढे जावे.

दुसरी चूक मैलांची. विमानवाहतुकीतला मैल नॉटिकल असतो, १.८५२ किलोमीटरचा. रस्त्याचा मैल १.६०९ किलोमीटरचा. १८९ नॉटिकल मैलांना सवयीने १.६०९ ने गुणले की ३०४ किलोमीटर येतात. वर म्हटलेला चुकीचा आकडा तो हाच. उलटही होते : ३५० किलोमीटर म्हणजे रस्त्याचे २१७ मैल, आणि ते २१७ 'नॉटिकल' म्हणून पुढे गेले की विमान कागदावर पन्नासएक किलोमीटर जास्त उडते.

तिसरी चूक कोसाइन विसरण्याची. मुंबई–चिपीला ती पुन्हा लपते, किलोमीटरभराचाही फरक पडत नाही. पण रत्नागिरी, खेड, चिपळूणच्या घराघरांतून लोक आखातात आहेत, आणि त्यांच्यासाठी दुबईचे आकडे आपण छापतो. मुंबई–दुबई सुमारे १,९२६ किलोमीटर आहे. कोसाइन न लावता सरळ काटकोन त्रिकोण केला तर २,०६३ येतात, म्हणजे १३७ किलोमीटर फुकट वाढले. एवढ्या लांबीला सपाट कागदाचा त्रिकोण मुळात वापरूच नये, हॅवरसाइन घ्यावे. ते करताना कोष्टकात, म्हणजे एक्सेलमध्ये, अंशांचे रेडियन करायला विसरू नये. तिथला साइन रेडियनच मागतो आणि अंश दिले तर बिनतक्रार काहीतरी उत्तर देतो.

गोव्याचे प्रकरण वेगळेच. मुंबई–गोवा असा एकच आकडा आता राहिलेला नाही. दाबोळी मुंबईपासून सुमारे ४२३ किलोमीटर, मोपा ३८५. दोघांचे संकेतही वेगळे : दाबोळीचा जीओआय, मोपाचा जीओएक्स, आणि चिपीचा एसडीडब्ल्यू. दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीकडच्या माणसाला मोपाच सोयीचा असल्याने तिकीट बघताना हा भेद पैशांचा आणि वेळेचा आहे. चिपी–मोपा सरळ रेषेत सुमारे ४५ किलोमीटर, चिपी–दाबोळी ७६. मुंबईच्या बाजूलाही आता दोन विमानतळ झाले. नवी मुंबईहून चिपी साधारण ३३५ किलोमीटर, म्हणजे सांताक्रूझपेक्षा पंधराएक किलोमीटर जवळ. पुणे–चिपी सुमारे २८९. रत्नागिरीचा विमानतळ तटरक्षक दलाकडे आहे. मुंबईपासून तो २३५ किलोमीटरवर.

हे सगळे पृथ्वीगोलावरचे सर्वांत कमी अंतर झाले. भूगोलाच्या पुस्तकातले बृहद्वृत्त ते हेच. विमान त्या रेषेवरून तंतोतंत जात नाही. मुंबईत वारा बहुतेक काळ समुद्रावरून असतो, म्हणून २७ क्रमांकाच्या धावपट्टीवरून पश्चिमेला तोंड करून विमान उडते आणि मग दक्षिणेला वळते. चिपीची धावपट्टीही पूर्व-पश्चिम, ०९/२७ च आहे. उत्तरेकडून आलेल्या विमानाला तिच्या रेषेत येण्यासाठी वळण घेऊन बाहेरून यावे लागते. शिवाय ठरलेले हवाई मार्ग, नौदलाच्या वापरातले आकाश, समोरचा ढग. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे आयकाओ, कार्बन उत्सर्जनाचा हिशोब करताना यासाठी सरळ एक भर घालते : ५५० किलोमीटरच्या आतल्या मार्गाला ५० किलोमीटर, ५५० ते ५,५०० पर्यंत १००, त्यापुढे १२५. त्या हिशोबाने मुंबई–चिपीला विमान सुमारे ४०० किलोमीटर उडते असे धरावे. एक भर मात्र कोणी घालू नये, ती उंचीची. 'विमान वर चढते म्हणून अंतर वाढते' हे ऐकायला पटते, पण ९६ किलोमीटर पुढे जाताना विमान पाच किलोमीटर वर चढले तर तिरकी वाट फक्त १३० मीटरच्या आसपास वाढते. दहा किलोमीटर उंचीवरून उडाल्याने गोलाचा घेर मोठा होतो तो ०.१६ टक्क्याने. ३५० किलोमीटरला अर्धा किलोमीटर.

आता वेळ, आणि खरा घोळ इथेच आहे.

विमानाच्या एका फेरीत चार क्षण टिपले जातात : चाकांपुढचे अडसर काढून विमान जागेवरून हलते तो, चाके धावपट्टी सोडतात तो, चाके पुन्हा टेकतात तो, आणि विमान जागेवर उभे राहून अडसर लागतात तो. पहिल्यापासून चौथ्यापर्यंतचा वेळ म्हणजे ब्लॉक टाइम. तिकिटावर, वेळापत्रकात हाच असतो. दुसऱ्यापासून तिसऱ्यापर्यंतचा हवेतला वेळ. वैमानिक उड्डाणाच्या आधी 'आपला प्रवास इतक्या मिनिटांचा' असे सांगतो तो बहुधा हवेतला असतो. आणि अंतराला कमाल वेगाने भागून जो येतो तो यांपैकी कुठलाच नसतो. ३५० किलोमीटरला जेट विमानाच्या ताशी ८३२ किलोमीटरने भागले की २५ मिनिटे येतात. जाहिरातीतले 'अर्ध्या तासात कोकण' तिथूनच जन्माला येते. ८३२ हा वेग ध्वनीच्या ०.७८ पट, आणि तो अकरा किलोमीटरच्या आसपास उंचीवरचा आहे. एवढ्या छोट्या मार्गावर विमान त्या उंचीला पोहोचून स्थिरावेपर्यंत उतरायची वेळ झालेली असते. त्यात १०,००० फुटांखाली वेगाला २५० नॉटची मर्यादा असते (नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल).

शिवाय चिपीची सेवा सुरू झाली ती जेटने नव्हे, एटीआर ७२ या पंख्याच्या विमानाने. त्याचा कमाल प्रवासी वेग २७५ नॉट, म्हणजे ताशी ५१० किलोमीटर, आणि हिशोबाला २७० नॉट धरलेले बरे. मुंबई–चिपी टप्प्याटप्प्याने मांडू. सरळ अंतर १८९ नॉटिकल मैल, वळणावळणाचे २० धरले तर २०९. सतरा हजार फुटांपर्यंत चढायला सुमारे १६ मिनिटे, त्यात ५२ मैल कापले जातात. उतरताना तीन अंशांचा उतार धरला तर हजार फुटांना तीन मैल लागतात, म्हणजे ५१ मैल. त्यातला धावपट्टीच्या रेषेतला शेवटचा भाग हळू असतो, म्हणून १५ मिनिटे धरावी. मध्ये उरले १०६ मैल, २७० नॉटने साडेतेवीस मिनिटे. हवेतला वेळ ५५ मिनिटे. मुंबईत जागेवरून ढकलून धावपट्टीच्या तोंडाशी जाऊन आपला नंबर लागेपर्यंत १५ ते २० मिनिटे सहज जातात. चिपीत टेकल्यावर चारेक मिनिटे. बेरीज सुमारे ७७ मिनिटे. त्यावर विमान कंपनी थोडी सैल जागा ठेवते, कारण १५ मिनिटांच्या आत आले तरच ते वेळेवर आले असे नोंदले जाते. ऑक्टोबर २०२१ च्या पहिल्या वेळापत्रकात मुंबईहून ११.३५ ला सुटून चिपीला १३.०० ला पोहोचणे होते, ८५ मिनिटे. हिशोब जुळतो.

एवढी फोड करायला वेळ नसेल तर आडाखा असा : नॉटिकल मैलांना विमानाच्या नॉटमधल्या वेगाने भागून मिनिटे काढा, चढ-उतारासाठी १३ ते १५ मिनिटे मिळवा, हा झाला हवेतला वेळ. मग दोन्ही टोकांचा जमिनीवरचा वेळ वेगळा मिळवा. एटीआरला ४२ अधिक १३, म्हणजे ५५. एअरबस ३२० सारख्या जेटला या मार्गावर सरासरी ४३० नॉट धरले तर २६ अधिक १५, म्हणजे ४१. जमिनीवरचा वेळ दोघांना सारखाच लागतो. म्हणजे ताशी तीनशे किलोमीटरने जास्त वेगवान विमान आणूनही फरक चौदा मिनिटांचा. 'चिपीला मोठे विमान आले की वेळ निम्मा होईल' या अपेक्षेत तथ्य नाही. मोठ्या विमानाचा फायदा आसनांत असेल, मिनिटांत नाही.

परतीचा वेळ तोच असेल असेही धरू नये. दक्षिणेकडून मुंबईला येणारे विमान २७ वर उतरणार असेल तर त्याला शहराला वळसा घालून पूर्वेकडून रेषेत यावे लागते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या, ०९/२७ आणि १४/३२, एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्हीवर एकाच वेळी स्वतंत्रपणे विमाने सोडता-उतरवता येत नाहीत आणि गर्दीच्या वेळी विमानांना आकाशात घिरट्या घालत थांबवतात. प्रमाण घिरटी चार मिनिटांची असते : अर्धे वळण एक मिनिट, सरळ एक मिनिट, पुन्हा तेच. अशा तीन घिरट्या झाल्या की बारा मिनिटे गेली, अंतर मात्र कागदावर तेवढेच. मुंबई–चिपीच्या दोन्ही दिशांचे वेळ वेगळे छापावेत.

वाऱ्याबद्दल कोकणात एक गैरसमज पक्का आहे, की पावसाळ्यात वाऱ्यामुळे विमानाला वेळ लागतो. जून-जुलैत दीड किलोमीटर उंचीवर ३० ते ४० नॉटचा पश्चिमेचा वारा असतो हे खरे. पण मुंबई–चिपी मार्ग उत्तर-दक्षिण, वारा आडवा. २७० नॉटच्या विमानाला ३० नॉटचा निव्वळ आडवा वारा लागला तर जमिनीवरचा वेग २६८ होतो. सगळ्या मार्गावर मिनिटभरही फरक पडत नाही. पावसाळ्यातला उशीर वेगाचा नसतो. धावपट्टी दिसत नाही म्हणून थांबणे, ढग टाळून फिरून जाणे, पुन्हा प्रयत्न करणे किंवा गोव्याकडे वळवणे यांचा तो असतो. पृथ्वी फिरते म्हणून पश्चिमेला जाताना वेळ वाचतो, हेही तितकेच निराधार, कारण हवा पृथ्वीबरोबरच फिरते.

समोरून किंवा पाठून वारा मिळतो तो दुबईच्या वाटेवर. मुंबई–दुबई १,०४० नॉटिकल मैल. विमानाचा हवेतला वेग ४५० नॉट आणि पश्चिमेचा वारा ६० नॉट धरा. जाताना जमिनीवरचा वेग ३९०, वेळ २ तास ४० मिनिटे. येताना ५१०, वेळ २ तास २ मिनिटे. अडतीस मिनिटांचा फरक. जाता-येता वारा फिटतो असेही नाही : वारा नसता तर दोन्ही फेऱ्या मिळून ४ तास ३७ मिनिटे, वाऱ्यासह ४ तास ४२. हळू जाण्यात जास्त वेळ घालवला जातो, म्हणून तोटा फायद्यापेक्षा मोठाच राहतो. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या असतात. त्यांची सरळ वजाबाकी केली तर जाण्याला दीड तास कमी आणि येण्याला दीड तास जास्त दिसतो.

विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळांवरून वेळ काढणाऱ्यांसाठी दोन सूचना. तिथे 'निघाले' म्हणून दिसणारी वेळ अनेकदा चाके सुटल्याची असते, 'नियोजित' मात्र जागेवरून हलण्याची. दोन्हींची वजाबाकी करून 'विमान वीस मिनिटे उशिरा सुटले' अशी बातमी होते, तेव्हा ते वेळेवर हललेलेही असू शकते. दुसरे, विमानाचा संदेश जमिनीवरच्या रिसीव्हरला सरळ रेषेत दिसावा लागतो. जवळपास रिसीव्हर नसेल तर खाली उतरणारे विमान शेवटच्या काही मिनिटांत नकाशावरून नाहीसे होते आणि हवेतला वेळ तेवढा कमी भरतो. एका दिवसाचा माग पाहून आकडा काढू नये. दोन-तीन आठवड्यांच्या फेऱ्या घेऊन मधला आकडा घ्यावा. सरासरी घेतली तर एखादी वळवलेली फेरी सगळे बिघडवते.

हे काटेकोरपणाचे खूळ आहे असे कोणी म्हणेल. पण या आकड्यांवर पैसे ठरलेले आहेत. २५ मे २०२० ते ३१ ऑगस्ट २०२२ या काळात केंद्र सरकारने देशांतर्गत भाड्याला वेळेनुसार पट्टे लावले होते : ४० मिनिटांच्या आत एक, ४० ते ६० दुसरा, ६० ते ९० तिसरा, असे सात. एखादा मार्ग ३९ मिनिटांचा की ४१ चा, यावर किमान-कमाल भाडे बदलत होते. 'उडान' योजना जाहीर झाली तेव्हाही तासाभराच्या, सुमारे ५०० किलोमीटरच्या विमानप्रवासाला किंवा अर्ध्या तासाच्या हेलिकॉप्टर प्रवासाला २,५०० रुपयांची कमाल मर्यादा असेच माप होते. एकाला किलोमीटर, दुसऱ्याला मिनिटे. किलोमीटर भाड्यासाठी वेगळे धरण्याचा अनुभव तर आपल्याला कोकण रेल्वेपासूनच आहे. तिकिटावरचे अंतर रुळावरच्या अंतरापेक्षा वाढवून धरलेले असते. ते अंतर घेऊन 'रेल्वेने इतके किलोमीटर, विमानाने इतकेच' अशी तुलना छापू नये, ती पहिल्याच पायरीला चुकलेली असते.

रेल्वेशी वेळेची तुलना करतानाही दोन्हीकडे माप एकच हवे. रेल्वेचा वेळ स्थानक ते स्थानक, विमानाचा ब्लॉक टाइम, रस्त्याचा घर ते घर, असे तिन्ही शेजारी मांडले की विमान नेहमीच जिंकते. घर ते घर धरायचे तर विमानतळावर पोहोचणे, सुटण्याआधी साधारण तासभर बंद होणारी चेक-इनची खिडकी, सामानाची वाट आणि पुढचा रस्ता हे सगळे आले. मालवण चिपीपासून सरळ रेषेत दहाएक किलोमीटर आहे, पण मध्ये कर्ली खाडी आहे आणि गाडीला नेरूरपारच्या पुलावरून फिरून जावे लागते. नकाशावर वर्तुळ काढून 'विमानतळापासून १० किलोमीटर' म्हणून जमीन विकणाऱ्या जाहिरातीत ही खाडी नसते. वृत्तपत्राने तरी ती ठेवावी.

तेव्हा विनंती एवढीच, की असा आकडा छापताना चार गोष्टी सोबत द्याव्यात : कुठल्या विमानतळापासून कुठल्या विमानतळापर्यंत, किलोमीटर की नॉटिकल मैल, हवेतला वेळ की वेळापत्रकातला, आणि विमान कोणते. उदाहरणार्थ : 'मुंबई (सांताक्रूझ) ते चिपी, सरळ हवाई अंतर सुमारे ३५० किमी, एटीआर विमानाने हवेत सुमारे ५५ मिनिटे, वेळापत्रकानुसार सव्वा ते दीड तास.' जागा दोन ओळींची लागते. वेळापत्रक मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलते, म्हणून वेळ त्या-त्या हंगामाचा आहे हेही कंसात टाकावे. आणि नवी मुंबईहून चिपीचे तिकीट काढणाऱ्यासाठी वेगळी ओळ लागेल, कारण तिथला जमिनीवरचा वेळ सांताक्रूझवरून उचलून चालणार नाही.

कळावे,
एक वाचक, कुडाळ